आधी संग्रहालय, मग स्मृतिदिन: मुंबईतल्या नऊ ऑगस्ट आणि सहा डिसेंबरची तयारी

स्मृतिदिनाच्याच दिवशी जवळचं संग्रहालयही उरकून घेऊ, असा बेत घरोघरी ठरतो आणि बहुतेक वेळा फसतो. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या दिवशी छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयासारखी मोठी संग्रहालयंही बंद असतात. म्हणजे ज्या दिवशी आपल्याला सवड, नेमकं त्याच दिवशी दाराला कुलूप. आणि जे संग्रहालय स्मृतिदिनाला उघडं असतं, तिथे शाळांच्या रांगा, कॅमेरे आणि पाहुणे यांची इतकी दाटी होते की एका काचेपुढे अर्धा मिनिटही निवांत उभं राहता येत नाही.

म्हणून या लेखातली सगळी आखणी एका गोष्टीवर उभी आहे: संग्रहालय चार-आठ दिवस आधी बघायचं आणि स्मृतिदिनाला फक्त स्मृतिदिनालाच जायचं. अर्ध्या-अर्ध्या दिवसाच्या दोन फेऱ्या. पहिल्या फेरीत जे बघितलेलं असतं त्यामुळे दुसऱ्या फेरीत गर्दीत उभं असताना समोर काय चाललंय ते कळतं. आधी काहीच न बघता गेलेल्या मुलांना मैदानात फक्त भाषणं ऐकू येतात आणि दहाव्या मिनिटाला त्यांची चुळबुळ सुरू होते.

उदाहरणं मुंबईची घेतली आहेत. पहिलं ९ ऑगस्टचं, म्हणजे ऑगस्ट क्रांती दिनाचं, कारण सुरुवात करायला ते सोपं आहे. दुसरं ६ डिसेंबरचं, म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या महापरिनिर्वाण दिनाचं, ज्याला खरी तयारी लागते.

निघण्याआधीचा फोन

संकेतस्थळावरची वेळ बघून निघू नका. आदल्या दिवशी संग्रहालयात फोन करा आणि चार गोष्टी विचारा. उद्या उघडं आहे का? शेवटचा प्रवेश किती वाजता? (बंद व्हायच्या अर्धा ते पाऊण तास आधी तिकीटखिडकी बंद होणं ही सर्रास पद्धत आहे.) कुठलं दालन दुरुस्तीसाठी बंद आहे का? पिशवी आत नेता येते की बाहेर ठेवावी लागते? यातला तिसरा प्रश्न लोक विचारत नाहीत आणि जे बघायला आलो तेच दालन बंद म्हणून हिरमुसून परततात.

साप्ताहिक सुट्टी प्रत्येकाची वेगळी. भायखळ्याचं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय बुधवारी बंद असतं, फोर्टातलं रिझर्व्ह बँकेचं चलन संग्रहालय सोमवारी. ‘संग्रहालयं सोमवारी बंद’ हा सरसकट ठोकताळा मुंबईत चालत नाही.

९ ऑगस्टची पहिली फेरी: मणिभवन

गावदेवीत लॅबर्नम रोडवर मणिभवन आहे. रेवाशंकर जगजीवन झवेरी यांचं हे घर, आता गांधीजींचं संग्रहालय. १९१७ ते १९३४ या काळात गांधीजी मुंबईत आले की इथे उतरत.

पश्चिम रेल्वेने येत असाल तर स्लो लोकल घ्या आणि ग्रँट रोडला पश्चिमेकडे उतरा. फास्टने निघालात तर मुंबई सेंट्रलला गाडी बदलावी लागेल, हे गृहीत धरा. अ‍ॅक्वा मेट्रोचंही (भुयारी मेट्रो) आता ग्रँट रोड स्थानक आहे. स्टेशनातून नाना चौकात या. हा चौक जगन्नाथ ऊर्फ नाना शंकरशेट यांच्या नावाचा. तिथून गावदेवीच्या दिशेने चालत पंधरा मिनिटांत मणिभवन येतं. सोबत वयस्क मंडळी असतील तर टॅक्सी करा, पण थेट दारात गाडी उभी करायचा हट्ट नको. गल्ली अरुंद आहे, शाळेच्या बस आल्या की कोंडी होते.

आत शिरल्यावर तळमजल्यावर ग्रंथालय लागतं. बहुतेक लोक तिथूनच रेंगाळत सुरुवात करतात आणि वर पोचेपर्यंत थकतात. उलट करा. दार उघडल्या-उघडल्या पोचा, सरळ दुसऱ्या मजल्यावर जा आणि बघत-बघत खाली या. गांधीजींची खोली वर आहे, तिच्या काचेपुढे एका वेळी पाच-सहा जणच नीट उभे राहू शकतात. सहलीचा गट खालून वर यायला अर्धा तास घेतो. तेवढा वेळ ती खोली तुमची. जिना चढावा लागतो, त्यामुळे ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी एकदाच वर जावं आणि प्रत्येक मजल्यावर बसून खाली यावं. वर-खाली दोनदा करू नये.

त्या खोलीपुढे घाई करू नका. जमिनीवर बैठक आहे, शेजारी चरखे. उभ्याने बघितलं तर ती एक रिकामी खोली वाटते. काचेपुढे उकिडवे बसा किंवा वाका, नजर बैठकीच्या उंचीला आणा, की सगळं बदलतं. ही खोली जमिनीवर बसून काम करणाऱ्या माणसाची आहे. प्रत्येक वस्तू बसल्या जागेवरून हाताला येईल अशी ठेवलेली दिसते. मुलांना हे सांगावं लागत नाही, त्यांची नजर आधीच त्या उंचीला असते.

आता चरख्याकडे बघा, आणि फक्त चरख्याकडे दहा मिनिटं बघा. मोठं चाक, त्यावरून जाणारी माळ, आणि माळेच्या दुसऱ्या टोकाला लोखंडी चाती, म्हणजे सूत कातणारी टोकदार सळई. चाक एकदा फिरलं की चाती कितीतरी वेळा फिरते, कारण चाक मोठं आणि चातीची कप्पी अगदी लहान. डाव्या हातात कापसाचा पेळू (पिंजलेल्या कापसाची वळी) धरायचा, उजव्या हाताने चाक फिरवायचं, हात मागे ओढत नेला की पेळूतून धागा सुटत जातो आणि चाती त्याला पीळ देते. हात जास्त वेगाने ओढला तर धागा तुटतो, पीळ जास्त पडला तर गाठ होते. एवढं कळलं की दुसरा प्रकार ओळखता येतो: पेटीचा चरखा. त्यात दोन चाकं आडवी बसवलेली असतात आणि मिटल्यावर सगळं एका छोट्या पेटीत मावतं. प्रवासात आणि तुरुंगात सोबत नेता यावा म्हणून तो तसा घडवला. या घरात दोन्ही आकारांची तुलना मुलांकडून करून घ्या. ‘कुठला लवकर फिरेल?’ असं विचारलं तर ती स्वतःच चाकं मोजू लागतात.

त्याच मजल्यावर गांधीजींच्या आयुष्यातले प्रसंग छोट्या मूर्तींच्या देखाव्यांतून मांडले आहेत. सगळे बघायचा आग्रह धरू नका. प्रत्येक मुलाला तीन शोधायला सांगा: दक्षिण आफ्रिकेतला रेल्वेचा प्रसंग, दांडीयात्रा आणि तिसरा त्याच्या आवडीचा. तिसऱ्याबद्दल ‘हाच का निवडलास’ एवढंच विचारा.

या इमारतीशी तीन तारखा जोडलेल्या आहेत. त्या आधीच वहीत लिहून न्या म्हणजे फलक वाचताना धागा सुटत नाही. ७ एप्रिल १९१९, सरकारच्या परवानगीशिवाय ‘सत्याग्रही’ हे पत्रक इथून काढलं. ४ जानेवारी १९३२, पहाटे गच्चीवरच्या तंबूतून गांधीजींना अटक झाली. आणि २३ जुलै १९३९, हिटलरला लिहिलेल्या पत्राची तारीख. त्या पत्राची प्रत इथे मांडलेली आहे. पत्र लहान आहे, पूर्ण वाचा.

एकूण दीड तास पुरतो. दोन तासांपेक्षा जास्त थांबलात तर शेवटच्या अर्ध्या तासातलं काही लक्षात राहत नाही. हे मोठ्यांनाही लागू आहे.

काच, उजेड आणि फोटो

कुठल्याही संग्रहालयात फ्लॅश बंद ठेवायला सांगतात, आणि तो नियम पाळायलाच हवा. कागद, कापड आणि नैसर्गिक रंग उजेडाने झिजतात आणि ही झीज साठत जाते. आज पडलेला उजेड उद्या वजा होत नाही. म्हणूनच लघुचित्रं आणि जुनी वस्त्रं ठेवलेल्या दालनात उजेड साधारण ५० लक्सवर (लक्स हे उजेड मोजायचं एकक) ठेवतात, बैठकीच्या खोलीतल्या दिव्यांपेक्षाही मंद. बाहेरच्या उन्हातून आत आलात तर पहिली काही मिनिटं काहीच दिसत नाही. ‘किती अंधार’ म्हणून पुढे जाऊ नका, पाच मिनिटं तिथल्याच बाकावर बसा. डोळे सरावले की कागदावरची रेघन् रेघ दिसू लागते.

काचेत स्वतःचंच प्रतिबिंब येतं, ही नेहमीची तक्रार. पांढरा शर्ट घालून गेलात तर हमखास येणार. गडद रंगाचे कपडे घाला, मोबाईल काचेपासून चार बोटांवर किंचित तिरका धरा आणि मागे एखाद्याला उभं करा, त्याची सावली काचेवर पडली की चमक जाते. काचेला मोबाईल टेकवू नका, ओरखडा पडतो.

फोटोचा क्रम असा ठेवा: आधी माहितीचा फलक, मग वस्तू. घरी आल्यावर चाळीस फोटोंमधली कुठली वस्तू कुठली, हा घोळ त्यामुळे होत नाही. फलकावर कोपऱ्यात छोटा नोंदणी क्रमांक असतो. बऱ्याच ठिकाणी टिंबाच्या आधीचे दोन आकडे म्हणजे ती वस्तू संग्रहात आली ते साल. ‘२२’ असेल तर १९२२. वस्तू किती जुनी हे फलक सांगतोच, पण ती इथे कधी आली हे या क्रमांकावरून कळतं, आणि कुणी दिली असेल हा पुढचा प्रश्न आपोआप पडतो.

तिथे पेनाऐवजी पेन्सिल वापरा. पेनातली शाई सांडली तर डाग जात नाही, म्हणून जुनी कागदपत्रं हाताळायला देणाऱ्या ठिकाणी पेनाला बंदीच असते.

९ ऑगस्टची दुसरी फेरी: ऑगस्ट क्रांती मैदान

हा दिवस भर पावसाळ्यात येतो. पाऊस किती पडणार एवढंच बघून भागत नाही, भरतीची वेळही बघा. महापालिका पावसाळ्याआधीच मोठ्या भरतीच्या तारखांचं वेळापत्रक जाहीर करते. लाटांची उंची साडेचार मीटरच्या वर आणि त्याच वेळी मुसळधार, हे दोन्ही जुळून आलं की पाण्याचा निचरा होत नाही आणि सखल भागात पाणी तुंबतं. अशी वेळ सकाळी येत असेल आणि हवामान खात्याचा ऑरेंज किंवा रेड अलर्ट असेल तर लहान मुलांना घेऊन जाणं टाळा.

छत्रीपेक्षा रेनकोट बरा. दाटीत छत्रीच्या काड्या शेजारच्याच्या डोळ्यांच्या उंचीला येतात आणि मागच्याला काही दिसत नाही. पायात मागे पट्टा असलेले सँडल घाला. साध्या चपलांनी मैदानातला चिखल पाठीपर्यंत उडतो, आणि गर्दीत चप्पल निसटली तर परत मिळत नाही.

ऑगस्ट क्रांती मैदानाचं जुनं नाव गवालिया टँक. गवळी इथल्या तलावावर गुरं पाण्यावर आणत, त्यावरून पडलेलं. ८ ऑगस्ट १९४२ च्या रात्री इथे ‘चले जाव’चा ठराव मंजूर झाला आणि गांधीजींनी ‘करेंगे या मरेंगे’ हा मंत्र दिला. पहाटे नेत्यांची धरपकड झाली, गांधीजींना पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये नेलं. ९ तारखेच्या सकाळी पोलिसांचा वेढा असताना अरुणा असफ अली यांनी याच मैदानात तिरंगा फडकवला. म्हणून अभिवादन नऊ तारखेला असतं. ठरावाची तारीख आठ, हे मुलांना आधी सांगून ठेवा, नाहीतर पुस्तकातली आठ आणि फलकावरची नऊ यात त्यांचा गोंधळ होतो.

पोचायच्या दोनच वेळा सोयीच्या. शासकीय मानवंदना सकाळी होते. ती बघायची तर पाहुणे यायच्या तासभर आधी पोचा, कारण ताफा जवळ आला की पोलीस दोरी लावतात आणि मग मध्ये अडकलेल्याला ना आत जाता येतं ना बाहेर. मानवंदना नको, निवांतपणे स्मृतिस्तंभापुढे उभं राहायचं असेल तर सरळ दहानंतर या. मधल्या वेळेत आलेले लोक फक्त बॅरिकेड बघून परत जातात. मोठी बॅग, धातूचा डबा, काठीचा झेंडा घरीच ठेवा, तपासणीत वेळ जातो. पाण्याची एक बाटली, रुमाल, ओळखपत्र आणि सुट्टे दोन-तीनशे रुपये पुरे.

या दिवशी गिरगाव चौपाटीवरच्या टिळक पुतळ्यापासून मैदानापर्यंत शांततेची पदयात्रा निघण्याची परंपरा आहे. स्वातंत्र्यसैनिक डॉ. जी. जी. पारीख यांच्यासारख्यांनी ती वर्षानुवर्षं जपली. अंतर साधारण दोन किलोमीटर, आपल्या वेगाने अर्धा-पाऊण तास. चर्नी रोडला उतरून चौपाटीवर जाणं सोपं. पदयात्रेला पोलिसांची परवानगी त्या-त्या वर्षी घ्यावी लागते, तेव्हा ती निघणार का आणि किती वाजता, हे आदल्या संध्याकाळी आयोजकांकडे पक्कं करा. चालताना घोषणा आपल्या मनाने देऊ नका, पुढच्यांनी ठरवलेलं पाळा. टिळक पुतळ्यापासून निघण्यालाही अर्थ आहे. १ ऑगस्ट १९२० ला लोकमान्य गेले, याच चौपाटीवर त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले, आणि असहकार चळवळीचा आरंभही त्याच दिवसाचा. दोन किलोमीटरच्या त्या वाटेवर आपण १९२० पासून १९४२ पर्यंत चालत येतो, असं म्हणायला हरकत नाही.

मैदानात आलात की लगेच परत फिरू नका. समोरच तेजपाल आहे. गोकुळदास तेजपाल संस्कृत पाठशाळेत २८ डिसेंबर १८८५ ला काँग्रेसचं पहिलं अधिवेशन भरलं, ७२ प्रतिनिधी होते. ते खरं तर पुण्याला भरायचं होतं, पण तिथे पटकीची साथ आली म्हणून ऐन वेळी मुंबईला हलवलं. म्हणजे सनदशीर अर्जविनंत्यांची सुरुवात आणि ‘चालते व्हा’ हा अखेरचा इशारा, या दोन जागांमध्ये रस्त्याच्या रुंदीएवढंच अंतर आहे, आणि सत्तावन्न वर्षांचं. या परिसरातलं हे सगळ्यात मोलाचं ठिकाण, आणि ९ ऑगस्टला आलेले बहुतेक लोक त्याच्याकडे पाठ करून उभे असतात.

आणखी एक दुवा पहिल्या फेरीशी जोडून घ्या. धरपकडीनंतर उषा मेहता आणि त्यांच्या सोबत्यांनी गुप्त ‘काँग्रेस रेडिओ’ चालवला. २७ ऑगस्ट १९४२ ला पहिलं प्रसारण झालं, ४२.३४ मीटरवर. जागा बदलत-बदलत तो चालला, १२ नोव्हेंबरला पोलिसांनी पकडेपर्यंत. त्याच उषाताई पुढे मणिभवनाच्या कामाच्या प्रमुख होत्या. त्यांचं नाव पहिल्या फेरीत मुलांच्या कानावर घातलेलं असेल, तर मैदानात उभं राहून तो रेडिओ कुठून बोलत असेल यावर चांगली चर्चा रंगते.

राष्ट्रगीत सुरू झालं की जिथे असाल तिथे स्थिर उभे राहा, मोबाईल खाली. कागदी झेंडे वाटले जातात. परतताना पायदळी पडलेले दिसले तर उचलून पिशवीत ठेवा. प्लास्टिकचा झेंडा घेऊ नका.

६ डिसेंबर: राजगृह आणि चैत्यभूमी

इथे प्रमाणच वेगळं आहे. महापरिनिर्वाण दिनाला महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यातून आणि बाहेरूनही लाखो लोक दादरला येतात. त्यातले कितीतरी विदर्भ-मराठवाड्यातून दोन-तीन दिवसांचा प्रवास आणि मुक्काम करून आलेले असतात. मुंबईत राहणाऱ्यांनी आधी हे लक्षात घ्यावं. आपल्याला चैत्यभूमी वर्षभर आहे. स्मारकात आत जाऊन दर्शन घ्यायचं असेल तर नोव्हेंबरातल्या एखाद्या साध्या सकाळी जा. सहा तारखेच्या रांगेतली जागा लांबून आलेल्यांची आहे, असं आमचं स्पष्ट मत. मुंबईकरांनी त्या दिवशी शिवाजी पार्कात यावं, पुस्तकं घ्यावीत, हाताला काम असेल तर सेवा करावी.

पहिली फेरी राजगृहाची. दादर पूर्वेला हिंदू कॉलनीत बाबासाहेबांनी १९३० च्या दशकात बांधलेलं हे घर. आपल्या हजारो ग्रंथांना नीट जागा मिळावी म्हणून त्यांनी ते खास आखून घेतलं होतं. तळमजल्यावर त्यांच्या वापरातल्या वस्तू आणि छायाचित्रं बघता येतात. हे आजही राहतं घर आहे. फाटकापाशी आवाज खाली ठेवा, पाच-सहा जणांपेक्षा मोठा गट करू नका, वर कॅमेरे रोखू नका. ६ डिसेंबर १९५६ ला दिल्लीत बाबासाहेब गेले, पार्थिव विमानाने मुंबईत आणलं आणि याच घरात अंत्यदर्शनासाठी ठेवलं. ७ तारखेला इथून दादर चौपाटीकडे अंत्ययात्रा निघाली. राजगृह बघून झाल्यावर टिळक पुलावरून पश्चिमेला उतरून शिवाजी पार्कमार्गे चैत्यभूमीपर्यंत चालत जा, पाऊण तास लागेल. ही वाट मोकळ्या दिवशी एकदा पायाखालून गेली की सहा तारखेला बंद रस्ते आणि वळवलेली वाहतूक यांची भीती राहत नाही.

चैत्यभूमीत चपला काढून जायचं असतं. दाराला सांचीच्या तोरणासारखं दगडी तोरण आहे, जवळच अशोकस्तंभाची प्रतिकृती. स्तूपाचं उद्घाटन ५ डिसेंबर १९७१ ला बाबासाहेबांच्या सूनबाई मीराताई आंबेडकर यांच्या हस्ते झालं. फुलांऐवजी वही आणि पेन आणा, ही पद्धत अनेकांनी सुरू केली आहे आणि ती चांगली आहे. फुलं संध्याकाळपर्यंत ढिगात जातात, वह्या गरजू मुलांपर्यंत पोचतात.

आता प्रत्यक्ष दिवस. गर्दी ३-४ तारखेपासूनच वाढते, ५ ची रात्र आणि ६ ची दुपार सगळ्यात दाट. स्मारकाच्या रांगेला चार-पाच तास सहज लागतात. रांगेत वृद्ध असतील तर घडीचं छोटं स्टूल, गोळ्या आणि ग्लुकोज सोबत ठेवा. समता सैनिक दलाचे स्वयंसेवक रांगा सांभाळतात, त्यांचं ऐका. त्यांना वाट कुठे अरुंद होते ते नेमकं माहीत असतं.

दादर स्टेशनचे पूल त्या दिवशी एकाच दिशेने सोडतात आणि तिथेच सर्वांत जास्त चेंगराचेंगरी होते. पश्चिम रेल्वेने येणाऱ्यांनी माटुंगा रोडला उतरून चालत यावं, अंतर थोडं जास्त पण श्वास घेता येतो. अ‍ॅक्वा मेट्रोचं दादर स्थानक शिवाजी पार्कापासून जवळ पडतं. स्वातंत्र्यवीर सावरकर मार्गावर गाडी आणायचा विचारच सोडा. रात्री परतणाऱ्यांसाठी मध्य रेल्वे ५-६ तारखेच्या मधल्या रात्री विशेष लोकल सोडते, त्यांच्या वेळा तीन-चार दिवस आधी जाहीर होतात. मोबाईलमध्ये त्याचा फोटो काढून ठेवा.

फोटो काढूनच ठेवायला हवा, कारण गर्दीत नेटवर्क बसतं. फोन लागत नाही, नकाशा उघडत नाही, यूपीआय अडकतं. पुस्तकांच्या स्टॉलवर पैसे गेले की नाही यावरून उगाच खोळंबा होतो. दहा, वीस, पन्नास आणि शंभरच्या नोटा मिळून जेवढी खरेदी तेवढी रोकड न्या. चुकामूक झाली तर कुठे भेटायचं हे घरून निघतानाच ठरवा, आणि ‘शिवाजी पार्कात’ असं मोघम नको. शिवाजी महाराजांच्या अश्वारूढ पुतळ्याजवळ, दर तासाला पूर्ण वाजता, अशी जागा आणि वेळ दोन्ही ठरवा. लहान मुलाच्या खिशात नाव आणि दोन फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवा. फक्त एकच नंबर लिहिला आणि तोच फोन बंद पडला, असं नेहमी होतं.

पुस्तकांचे स्टॉल हा या दिवसाचा गाभा आहे. महाराष्ट्रात इतक्या लोकांनी इतकी पुस्तकं विकत घेण्याचे प्रसंग विरळाच. डोक्यावर बोचकं घेतलेली आजी नातवासाठी पातळ चरित्रपुस्तिका निवडताना दिसते, शेजारी विद्यार्थी राज्यघटनेची प्रत चाळत असतो. शासनाने प्रकाशित केलेल्या बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांच्या खंडांना खूप मागणी असते. हवा असलेला खंड ४ किंवा ५ तारखेलाच घ्या, सहाच्या दुपारपर्यंत संपलेला असतो. घरातल्या खंडांची यादी सोबत न्या, नाहीतर तोच खंड दुसऱ्यांदा घेतला जातो. जाड खंड चार झाले की पाच-सहा किलो होतात. कापडी पिशवीचे बंद खांद्यात रुततात आणि तुटतात, पाठीवरची सॅकच हवी.

लोकांचे फोटो काढताना विचारून काढा. पार्कात पथारीवर झोपलेल्या, जेवणाच्या रांगेत उभ्या असलेल्या माणसांवर कॅमेरा रोखणं हा त्यांचा अपमान आहे. जेवणदान करणारे स्टॉल सगळ्यांसाठी खुले असतात. घरून डबा आणणं शक्य असेल तर मात्र तो आणा, म्हणजे तिथलं अन्न दूरवरून आलेल्यांना पुरतं. सेवा करायची असेल तर अन्नापेक्षा पाणी, बिस्किटं, पायदुखीचं मलम आणि स्वच्छतेसाठी दोन हात यांची गरज जास्त असते. एखाद्या चालू असलेल्या मंडपात जाऊन ‘काय करू’ विचारा, स्वतंत्र टेबल मांडून वाट अडवू नका.

इतर दोन जोड्या

१४ एप्रिल म्हटलं की आंबेडकर जयंती. त्याच तारखेला १९४४ साली मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ जहाजाचा स्फोट झाला आणि अग्निशमन दलाचे ६६ जवान कामी आले. दल त्यांना दरवर्षी भायखळ्याच्या मुख्यालयात मानवंदना देतं. तिथून जवळच राणीच्या बागेत भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे, १८७२ पासूनचं. बाहेर घारापुरीचा दगडी हत्ती उभा आहे. १८६४ मध्ये तो इंग्लंडला नेण्यासाठी उचलताना यारी तुटली आणि त्याचे तुकडे झाले. पुढे ते जोडून तो इथे बसवला. जोडाच्या रेषा शोधा, दिसतात.

२१ नोव्हेंबर १९५५ ला फ्लोरा फाउंटनला गोळीबार झाला, संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातल्या हुतात्म्यांचं स्मारक आज तिथे आहे. १ मे ला जायचं तर छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय बंद असतं, म्हणून ही जोडी २१ नोव्हेंबरची धरा. हुतात्मा चौकात नऊपर्यंत पोचा, कचेऱ्यांची गर्दी वाढण्याआधी. मशाल धरलेल्या शेतकरी आणि कामगाराच्या शिल्पाला चारही बाजूंनी फेरी मारा. मग महात्मा गांधी रस्त्याने काळा घोड्याकडे दहा-बारा मिनिटं चाला. संग्रहालय सव्वादहाला उघडतं, पिशव्या ठेवायच्या खिडकीवर साडेदहानंतर रांग लागते.